बोदवड ते नवापूर : रंगाच्या कोंबड्यांच्या मागावर

भुसावळहून नागपूरच्या दिशेने निघालं की वरणगाव, आचेगाव आणि मग बोदवड. लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या इथे थांबत नाहीत, धूळ उडवून निघून जातात. जळगाव जिल्ह्याच्या पूर्व टोकाचा हा तालुका. पुढे मलकापूर आलं की बुलढाणा जिल्हा लागतो, म्हणजे खानदेश संपून वऱ्हाड सुरू होतं. काळी जमीन, कापूस, जिनिंगचे भोंगे, शिरसाळ्याच्या मारुतीला जाणाऱ्यांची शनिवारची वर्दळ आणि पाण्याची कायमची ओढ, अशी या गावाची ओळख. उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा माणसं घरात आणि कोंबड्या रांजणाखालच्या ओल्या मातीत बसून दुपार काढतात.

आमच्या मोहल्ल्यात कोंबड्या नाहीत असं घर शोधावं लागेल. दाराशी डालगं, मागच्या अंगणात खुराडं, पहाटे फजरच्या अजानच्या आगेमागे कोंबड्यांची बांग. या कोंबड्यांचा हिशेब घरातले पुरुष विचारत नाहीत. अंड्यांचे, पिल्लांचे पैसे बाईचे. त्यातून मुलांच्या वह्या येतात, ईदच्या बांगड्या येतात, कधी दवाखान्याची फी निघते. बाईच्या हातातला हा सर्वांत जुना रोजगार असावा.

गेल्या काही वर्षांत या साध्या व्यवहारात एक नवी गोष्ट शिरली आहे, ती म्हणजे रंग. पूर्वी गिऱ्हाईक येऊन विचारायचं, ‘गावरान आहे का?’ आता मोटरसायकलवर मुलं येतात आणि मोबाईलवरचा फोटो पुढे करून विचारतात, ‘या रंगाचा कोंबडा आहे का?’ पांढरा शुभ्र, निळसर राखाडी, सोनेरी ठिपक्यांचा, नखापासून तुऱ्यापर्यंत काळा. जितका रंग दुर्मीळ तितका भाव चढा. साध्या कोंबडीच्या कितीतरी पट पैसे देऊन लोक एक जोडी घेतात.

आमच्या खाला याच मोहल्ल्यात राहतात. वय साठीच्या पुढे, खालूजानना जाऊन बरीच वर्षं झाली. पंचवीस-तीस कोंबड्यांवर त्यांचं घर चालतं असं म्हटलं तरी चालेल. यंदा त्यांची भिशी लागली, तीस हजार रुपये हातात आले. त्याच आठवड्यात एक व्यापारी दारात हजर. एक काळा कोंबडा आणि चार काळ्या कोंबड्यांचा ‘सेट’ तीस हजारांना. पुढे निघणारं प्रत्येक अंडं आपणच विकत घेऊ, असा छापील कागद. खालांना वाचता येत नाही, म्हणून त्यांनी कागद आमच्यापुढे ठेवला. ‘बेटा, तुम्ही शाळेत शिकवता. हे खरं की खोटं सांगा.’ आम्ही म्हणालो, ‘खाला, कागदाचं आम्ही सांगू, पण कोंबडीतलं तुम्हांलाच जास्त कळतं. दिवाळीची सुट्टी लागतेय. चला, जिथे अस्सल कोंबड्या पाळतात तिथे जाऊन पाहू.’

नावांची गंमत

निघण्यापूर्वी थोडी तयारी केली. आपल्या देशातल्या झुंजार कोंबड्याला ‘असील’ म्हणतात. शब्द अरबी, अर्थ खानदानी, शुद्ध रक्ताचा. त्याचं मूळ घर आंध्र, ओडिशा आणि छत्तीसगडकडे. रंगावरून त्याच्या जातींना जी नावं पडली ती उर्दू शिकवणाऱ्या माणसाला भुरळ घालणारी आहेत. पांढरा तो नूरी, सोनेरी तांबडा तो पीला, काळा-तांबडा तो याकूब, काळा तो कागर, काळ्यावर पांढरे ठिपके असलेला तो चित्ता, तपकिरी तो टीकर, फिकट तांबडा तो रेझा. पाळणाऱ्यांनी प्रत्येक पीस निरखून ही नावं ठेवली आहेत. इंग्रजांनी असील विलायतेला नेला, कॉर्नवॉलमध्ये त्याच्यापासून ‘कॉर्निश’ तयार झाली आणि आज जगभर खाल्ल्या जाणाऱ्या ब्रॉयलरच्या रक्तात त्या कॉर्निशचा वाटा आहे.

असीलचं नाव निघालं की झुंजीचा विषय येतोच. त्याबद्दल आडपडदा नको. जनावरांना आपसात झुंजवायला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मनाई केली आहे, आणि १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही तो गुन्हा आहे. रंगासाठी, अंड्यांसाठी, शौकासाठी असील पाळणं वेगळं. त्याच्या पायाला पातं बांधून पैज लावणं वेगळं.

जायचं मात्र आम्ही नवापूरला ठरवलं, आणि त्याला कारण होतं. आपल्या खानदेशाची स्वतःची एक कोंबडी आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असेल. तिचं नाव ‘बुसरा’. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने देशी कोंबड्यांच्या ज्या जाती नोंदवल्या आहेत त्यांत ती आहे. नंदुरबार आणि धुळे जिल्ह्यांचा आदिवासी पट्टा आणि पलीकडचा गुजरातचा डांग-सुरतकडचा भाग हे तिचं घर.

सुरत लाईनवर

बोदवडहून भुसावळ, तिथून सुरतेची पॅसेंजर. ही लाईन म्हणजे खानदेश आडवा कापत जाणारी दोरी. जळगाव मागे पडलं की केळीची हिरवाई विरळ होते आणि दोन्ही बाजूंना कापूस सुरू होतो. मग धरणगाव, मग अमळनेर. अमळनेर म्हणजे साने गुरुजींनी जिथे शिकवलं ते गाव. याच गावात १९४५ साली मोहम्मद हाशिम प्रेमजींनी वनस्पती तुपाचा कारखाना काढला आणि त्यातून पुढे विप्रो उभी राहिली. डब्यातल्या मुलांना आम्ही ही गोष्ट सांगितली, तर खालाच जास्त लक्ष देऊन ऐकत होत्या. ‘तेलाच्या डब्यातून एवढं मोठं?’ त्यांनी विचारलं. मग स्वतःच म्हणाल्या, ‘पण तेल खरं असेल.’

नरडाणा, शिंदखेडा, दोंडाईचा. नंदुरबार आलं तसा मिरचीचा ठसका डब्यात शिरला. इथला मिरचीचा बाजार मोठा. हंगामात मोकळ्या मैदानांवर लाल गालिचे अंथरल्यासारख्या मिरच्या वाळत असतात. १९९८ मध्ये धुळ्यातून वेगळा होऊन हा जिल्हा झाला. पुढे खांडबारा, चिंचपाडा. सपाटी संपते, टेकड्या जवळ येतात, सागाची झाडं दिसू लागतात आणि डब्यात मराठी, गुजराती, मावची, भिली अशा बोली एकमेकींत मिसळतात.

नवापूर स्टेशन स्वतःच एक प्रेक्षणीय स्थळ आहे. अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. एका बाकावर मधोमध रेघ असून एका बाजूला महाराष्ट्र, दुसऱ्या बाजूला गुजरात लिहिलेलं. तिकीट खिडकी आपल्याकडे, स्टेशन मास्तरांचं ऑफिस तिकडे. घोषणा चार भाषांत. खाला रेघेच्या बरोबर मधे बसल्या आणि म्हणाल्या, ‘आता मी कुठली?’

बुसरा पाहिली

बी.एड.च्या वेळचे एक मित्र नवापूरजवळच्या आश्रमशाळेत शिकवतात. त्यांनी आम्हांला एका पाड्यावर नेलं. कुडाची घरं, शेणाने सारवलेली अंगणं, छपराला टांगलेल्या बांबूच्या टोपल्या आणि त्या टोपल्यांत अंड्यांवर बसलेल्या खुडूक कोंबड्या. घराच्या मालकीणबाईंनी काळा चहा दिला आणि खालांना थेट खुराड्याकडे नेलं. पुढचा तासभर आम्ही शिक्षक मंडळी नुसती ऐकत होतो.

बुसरा दिसायला लहान, चपळ, सदा सावध. पांढऱ्या अंगावर मानेला, पाठीला आणि शेपटीला काळी पिसं मिसळलेली, खांद्यावर आणि पंखांवर तांबूस तपकिरी झाक. एकीसारखी दुसरी नाही. वजन किलोच्या आसपास. अंडी फिकट तपकिरी, वर्षाकाठी पन्नासच्या घरात. पिंजऱ्यातली लेअर कोंबडी वर्षाला ३०० च्या आसपास अंडी देते हे आम्ही सांगितलं तेव्हा बाई हसल्या. ‘तिला तुम्ही खायला आणून घालता. ही तिचं ती शोधते. घारीला ओळखते. अंड्यावर बसते, पिल्लं फिरवते. मला काय खर्च?’

खालांनी एक तलंग हातात घेतली. पंख पसरून पाहिला, छातीचं हाड चाचपलं, डोळे पाहिले, पायाची खवलं पाहिली. मग विचारलं, ‘यातला रंग वेगळा काढून विकता का?’

‘मागतात ना, मावशी. सुरतेहून येतात, सगळ्या पांढऱ्या द्या म्हणतात. पण सगळ्या पांढऱ्या मी नाही ठेवत. घार पांढरीच आधी उचलते.’

दुर्मीळ रंग शहरातल्या पिंजऱ्यात भाव खातो, पण पाड्यावर, जंगलाच्या कडेला, कोंबडीचं ठिपकेदार मिश्र अंग हेच तिचं संरक्षण. इथल्या बायांनी पिढ्यान्‌पिढ्या जी निवड केली ती डोळ्याला काय आवडतं ते पाहून केलेली नाही. कोण जगते, कोण नीट बसते, कोणाची पिल्लं वाचतात ते पाहून केली आहे.

२००६ ची आठवण

नवापूरचं नाव सगळ्या देशाने ऐकलं ते फेब्रुवारी २००६ मध्ये. भारतातला पहिला बर्ड फ्लू इथेच सापडला. इथे मोठमोठे पोल्ट्री फार्म होते. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. पुढच्याच महिन्यात तो आपल्या जळगाव जिल्ह्यात पोहोचला. सावदा, मारूळ या भागांत घरगुती कोंबड्याही नष्ट केल्या गेल्या. २०२१ च्या फेब्रुवारीत नवापूरवर पुन्हा तीच वेळ आली.

पाड्यावरच्या बाईंना ते दिवस आठवत होते, खालांनाही. दोघी काही वेळ त्यावरच बोलत राहिल्या. कोंबडी परत पाळता येते, पण विशिष्ट रक्ताची, घरात वाढलेली कोंबडी गेली की ती परत मिळत नाही. रंगाच्या कोंबड्या घेणाऱ्याने हे लक्षात ठेवावं. लांबून, चार बाजारांतून फिरून आलेला पक्षी सोबत रोगही आणू शकतो. नवा पक्षी किमान तीन आठवडे वेगळा ठेवावा. मानमोडीची लस वेळेवर द्यावी: पहिली पिल्लू आठवड्याचं होईपर्यंत, पुढची दोन महिन्यांच्या सुमारास. देवी रोगाची लसही द्यावी. पशुवैद्यकीय दवाखान्यात यासाठी चौकशी करता येते.

म्हणूनच आम्ही नवापूरहून एकही कोंबडी बरोबर आणली नाही, बाई दोन द्यायला तयार होत्या तरी. गर्दीच्या पॅसेंजरमध्ये पाय बांधून, पाण्याविना आठ-दहा तास नेणं तिच्यावर अन्याय झाला असता.

काळ्या कोंबडीचं खरं-खोटं

आता व्यापाऱ्याच्या ‘सेट’कडे येऊ. काळी कोंबडी म्हणजे कडकनाथ. तिचं घरही आपल्यापासून फार दूर नाही. शिरपूरहून सेंधव्याच्या घाटाने मध्य प्रदेशात शिरलं की पुढे बडवानी, अलीराजपूर, झाबुआ हा भिल्ल-भिलालांचा मुलूख. तिथे तिला ‘कालीमासी’ म्हणतात, म्हणजे काळ्या मांसाची. तिच्यातही तीन रंग मानतात: संपूर्ण काळा, पांढऱ्या रेघांचा म्हणजे पेन्सिल्ड आणि सोनेरी. २०१८ मध्ये झाबुआच्या कडकनाथला भौगोलिक मानांकन मिळालं. क्रिकेटपटू महेंद्रसिंह धोनीने रांचीच्या शेतासाठी झाबुआहून २००० पिल्लं मागवल्याची बातमी आली आणि तिची कीर्ती घरोघर झाली.

तिची कातडी, मांस, हाडांवरचं आवरण काळं असतं कारण शरीरात मेलॅनिन हे रंगद्रव्य सर्वत्र पसरलेलं असतं. चीनची सिल्की, इंडोनेशियाची सेमानी यांच्यातही हाच गुण आहे. पण तिचं रक्त लालच असतं, जरा गडद. आणि तिचं अंडं काळं नसतं, फिकट तपकिरी असतं. ‘काळी अंडी’ म्हणून जी चित्रं फिरतात ती खोटी. व्यापाऱ्याच्या छापील कागदावर नेमकं तेच काळ्या अंड्याचं चित्र होतं.

आणखी एक अडचण आहे. काळेपणाचा हा गुण जोरकस आहे. कडकनाथ कोंबडा गावरान कोंबडीला लावला तरी पहिल्या पिढीतली बरीच पिल्लं काळपट निघतात आणि शुद्ध म्हणून खपतात. घेणारा त्यांची पैदास करायला जातो तेव्हा पुढच्या पिढीत तांबडी, पांढरी, पिवळ्या पायांची पिल्लं बाहेर पडतात. म्हणून घेताना चोच उघडून जीभ आणि टाळू पाहावं, तुरा, तळपाय, पिसांखालची कातडी पाहावी आणि जमलं तर आई-बाप दोन्ही डोळ्यांनी पाहावेत.

अंडी परत विकत घेण्याच्या हमीचं काय होतं, हे आपल्या राज्याने २०१९ मध्ये पाहिलं आहे. सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरहून चाललेल्या कडकनाथच्या अशाच एका योजनेत अनेक जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांचे पैसे बुडाले, पोलिसांत तक्रारी झाल्या. कोंबड्या खुराड्यात राहिल्या, त्यांना खाद्य घालायला पैसे नव्हते आणि अंडी घ्यायला कोणी नव्हतं. खालांच्या कागदावरही अंड्याचा भाव मोठ्या अक्षरांत होता. व्यापाऱ्याने अंडी घेतली नाहीत तर काय, याबद्दल एक ओळही नव्हती.

चार अंड्यांचं गणित

परतीच्या गाडीत आम्ही वहीवर एक गणित मांडलं. निळसर राखाडी रंगाची कोंबडी फार मागितली जाते. हा रंग काळा आणि पांढुरका, दोन्हींच्या मधला. निळसर कोंबडा आणि निळसर कोंबडी यांची पिल्लं सरासरी चारात दोन निळसर, एक काळं आणि एक पांढरट डागाळलेलं निघतं. सगळी निळसर कधीच निघत नाहीत. उलट काळा आणि पांढरट डागाळलेला यांची जोडी लावली तर सगळी पिल्लं निळसर. हे वंशशास्त्राचे नियम मेंडेलने वाटाण्यावर शोधले आणि १९०२ मध्ये इंग्लंडच्या बेटसनने कोंबड्यांच्या तुऱ्यावरून ते प्राण्यांनाही लागू असल्याचं दाखवलं. दहावीच्या मुलांना आम्ही हेच शिकवतो, फक्त वाटाण्याच्या उदाहरणाने.

म्हणजे ‘माझ्या निळ्या जोडीची सगळी पिल्लं निळीच निघतात’ असं सांगणारा एकतर अडाणी आहे किंवा फसवतो आहे. खालांनी वही हातात घेतली, चार गोल पाहिले आणि म्हणाल्या, ‘म्हणजे चारातली दोन विकायची, दोन घरी खायची. मग ते गिऱ्हाइकाला सांगायला काय जातं?’

खरंच काय जातं? धान्याच्या ढिगात हात घातल्यावर प्रेषितांना (स.) बोटं ओली लागली, तेव्हा त्यांनी विकणाऱ्याला विचारलं की ओलं धान्य वर का ठेवलं नाहीस, लोकांना दिसलं असतं. ही हदीस आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असते. रंगाच्या कोंबड्यांचा धंदा हलालच आहे, त्यात कमाई आहे, कारागिरीही आहे. पण ओलं धान्य वर ठेवावं लागेल. मिश्र रक्त असेल तर मिश्र म्हणावं. कोंबडी तीन वर्षांची असेल तर तलंग म्हणू नये. पिसं रंगवू नयेत. आणि अजून जन्मालाच न आलेल्या पिल्लांच्या पिल्लांचा सौदा तर करूच नये. आपल्या फिक्हच्या ग्रंथांत अशा अधांतरी व्यवहाराला ‘गरर’ म्हणतात आणि तो नाकारतात.

खालांचा निकाल

बोदवडला आल्यावर खालांनी व्यापाऱ्याला निरोप पाठवला की सेट नको. भिशीच्या पैशातून त्यांनी अंगणाला जाळी मारून घेतली, पत्र्याखाली गवताचं छप्पर घालून खुराडं उंच केलं, म्हणजे मे महिन्यात कोंबड्या उन्हाने मरणार नाहीत. उरलेले पैसे पोस्टात ठेवले.

रंगाचा नाद मात्र त्यांनी सोडलेला नाही. आपल्याच पंचवीस-तीस गावरान कोंबड्यांतून तीन त्यांनी वेगळ्या काढल्या: एक करडी, दोन सोनेरी ठिपक्यांच्या. तिघीही नीट बसणाऱ्या, पिल्लं सांभाळणाऱ्या. शेजारच्या मोहल्ल्यातला एक चांगला कोंबडा त्यांच्यात सोडला, घरच्या रक्ताचा मुद्दाम घेतला नाही. नात आठवीत आहे. तिने एक वही घातली आहे. कोणत्या कोंबडीची अंडी, कोणत्या तारखेला खाली ठेवली, २१ व्या दिवशी किती फुटली, पिल्लांचे रंग काय, किती जगली, लस कधी दिली. रंगाच्या कोंबड्या विकणाऱ्या मोठमोठ्यांकडे नसते अशी वही बोदवडच्या एका अंगणात भरत आहे.

परवा भुसावळचा एक मुलगा सोनेरी ठिपक्यांची तलंग मागायला आला. खालांनी नातीला वही आणायला सांगितली आणि त्याच्यापुढे उघडून ठेवली. ‘हिची आई ही, बाप हा. हिच्या सहा भावंडांत दोनच ठिपक्यांची निघाली, बाकी साधी. तुझ्याकडेही तसंच होईल. चालत असेल तर घे.’ मुलाने वही दोनदा वाचली, आणि खालांनी सांगितला तोच भाव देऊन तलंग घेऊन गेला.